बिनधुराचा निखारा

कोणाच्याही घरी गेला की तो आधी वर बघायचा. घरची माणसं समोर उभी असायची, कोणी पाट मांडतंय, कोणी पाण्याचा तांब्या पुढे करतंय, आणि हा मान वर करून आढ्याकडे, कौलांच्या फटींकडे, भिंतीच्या वरच्या कडेकडे बघत राहायचा. बघून झालं की खाली बसायचा आणि विचारायचा, "धूर जातो कुठनं?"

मुरबाडात या वाक्यावरून त्याची पुष्कळ टिंगल व्हायची. लग्नाच्या मांडवात तो दिसला की कोणीतरी ओरडायचं, "अरे, फिटर आला रे, धूर जातो कुठनं ते सांगा त्याला आधी!" तोही हसायचा. त्याचं हसणं दमलेल्या माणसाचं होतं. ओठ हलायचे, डोळ्यांपर्यंत काही पोचायचं नाही. असं हसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दिवसभराचं काम उरकून आलेली, आणि उद्याचं काम आधीच दिसत असलेली.

सगळे त्याला फिटर म्हणत. त्याला नाव होतं, पण त्या नावाने त्याला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आता मी एकट्यानेच मारणं बरं दिसत नाही, म्हणून इथेही फिटरच म्हणतो.

मी तेव्हा मुरबाडच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. दवाखान्याची पायरी आणि उतारूंच्या मोटारीचा तळ समोरासमोर. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि आमच्याकडची मोटार कोळशावर चालू लागली. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. पण गाडीच्या मागच्या बाजूला माणसाएवढी उंच लोखंडी टाकी बसवलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हाताने पंखा फिरवून फुलवायचा. त्या अर्धवट जळणाऱ्या कोळशातून जो वायू निघे, तो नळीने इंजिनात जाई आणि त्यावर गाडी चाले. चाले म्हणजे काय, कण्हत कण्हत सरके. वैशाखऱ्याच्या बाजूला चढ लागला की उतारूंनी मुकाट्याने उतरायचं आणि गाडीच्या मागून चालायचं. काही जण गाडीच्या आधी वर पोचत.

त्या टाकीची सगळी सेवा फिटरकडे. कातकऱ्यांनी रानात पाडलेला कोळसा यायचा, तो निवडायचा, चाळायचा, भरायचा. राख ओढायची. वायू गाळायच्या गाळणीतला काथ्या धुवायचा. गाडी निघायच्या तासभर आधी पंख्याचा दांडा धरून तो उभा असायचा. टाकीचं झाकण उघडण्याआधी चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडायचा. माती ज्या बाजूला उडेल, तिच्या उलट बाजूला उभा राहायचा आणि मग झाकणाला हात घालायचा. एवढं करूनही संध्याकाळी दवाखान्यात यायचाच. डोकं ठणकत असलेलं, कपाळाला फडकं बांधलेलं.

"कंपौंडर, ती कडू पुडी द्या."

"रोज पुडी खाऊन कसं चालेल, फिटर?"

"रोज कोळसा खातो, तिथं पुडीचं काय!"

एकदा धसईला बाजाराच्या दिवशी एक विहीर उपसायची होती. वर्षभर झाकून ठेवलेली जुनी विहीर. उतरण्याआधी माणसांनी रिवाजाप्रमाणे दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील तळाशी गेला तरी जळत राहिला, तेव्हा माणूस उतरला. दोन दिवसांनी मोटारीच्या तळासमोरच्या चहाच्या दुकानात यावरून बोलणं निघालं. मी त्या दिवसांत फार शहाणा होतो. दवाखान्यातली दोन-तीन पुस्तकं वाचलेली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की जिथे दिवा जळतो तिथे माणूस जगतो, कारण दोघांनाही हवेतला तोच भाग लागतो.

फिटर कोपऱ्यात बशीतून चहा पीत होता. म्हणाला, "इहिरीत बरोबर हाय ते. घरात नाय."

"घरातली हवा काय वेगळी असते?"

"हवा तीच. इख वेगळं. इहिरीतली हवा कुजकी, ती दिव्याला मारते. शेगडीचं इख दिव्याला काय करत नाय. बंद खोलीत शेगडी ठेवा, दिवा मजेत जळेल, माणूस मरेल. दिवा इमानदार हाय कंपौंडर, पण त्याला सगळं कळत नाय."

लोक माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "शेगडीने माणसं मरायला लागली तर मुरबाड तालुक्यात कोणी उरणार नाही. धूर झाला तर खोकला येतो, एवढंच."

"धुराला मी भीत नाय," तो म्हणाला. "धूर डोळ्याला झोंबतो, माणूस उठून भाईर येतो. तो भुंकणारा कुत्रा. निखारा लाल झाला, धूर सरला, की मग जे निघतं ते न भुंकता चावतं. त्याला वास नाय, रंग नाय."

"वास नाही, रंग नाही, मग तुम्हाला दिसलं कसं?" मी विचारलं. दुकानात हशा पिकला. फिटरने बशी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि पंखा फिरवायला निघून गेला. त्या हशाचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

त्याच हिवाळ्यात माझी बायको बाळंत झाली. पहिलीच खेप, मुलगी. मुरबाडात आम्ही दोन खोल्या आणि पडवी एवढं भाड्याचं घर घेऊन राहत होतो. आई गावाहून आली होती. पौषाची थंडी त्या वर्षी जास्त होती, आणि आमच्या आईच्या मते बाळंतिणीला वारा लागणं म्हणजे जन्माचं दुखणं. तिने आतल्या खोलीची खिडकी गोणपाट कोंबून बंद केली. दाराखालच्या फटीला जुनं लुगडं लावलं. बाजेखाली शेगडी, शेगडीत फुललेला कोळसा, त्यावर अधूनमधून ओवा-शेपाची चिमूट. कोनाड्यात दहा दिवस अखंड जळायचा म्हणून तेलाचा दिवा. कोळसा ती पडवीत पेटवायची, धूर पुरता गेला की मगच आत न्यायची. पोरीच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून. काळजी घेण्यात तिने काही कसर ठेवली नव्हती.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून बायको डोकं दुखतंय म्हणू लागली. मळमळतंय म्हणाली. आई म्हणाली, "ओल्या अंगाला असं व्हायचंच." मी पुडी दिली. आठव्या दिवशी आई कौतुकाने म्हणाली, "पोर किती गुणी आहे बघ, हूं का चूं करीत नाही. नुसती झोपून असते." आईचंही डोकं जड असे, पण ती सारखी आत-बाहेर करायची, स्वयंपाकाला लागली की बरं वाटायचं. तिने ते दगदगीवर ढकललं.

नवव्या दिवशी दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. मी पायरीवर बसलो होतो. समोर कल्याणला जायच्या गाडीची तयारी चालली होती. उतारू आत बसलेले, फिटर पंख्यावर. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "बाळ-बाळंतीण बरी?"

"बरी आहेत," मी म्हणालो. "बायकोचं डोकं काही थांबत नाही चार दिवस. सकाळी उठून बसली तर तोल गेला तिचा."

पंखा थांबला.

"शेगडी हाय?"

"बाळंतिणीला शेगडी असणारच."

"खिडकी?"

"बंद आहे. आईने गोणपाट कोंबलंय." त्याने दांडा सोडला आणि तो धावत सुटला. मी त्याला धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. एक खांदा उचलून, वाकडा धावत होता. मी मागून हाका मारत गेलो. गाडीतले उतारू खिडक्यांतून डोकी काढून बघत होते.

मी पोचलो तेव्हा आई आतल्या दारात दोन्ही हात पसरून उभी होती. फिटर पडवीत.

"आई, शेगडी भाईर काढा. आधी काढा, मग मला काय ते बोला."

"परक्या पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीशी यायचं? लाज नाही वाटत? अरे, बघ रे हा काय करतोय!" हे मला.

"मी येत नाय आत. तुमी दार उघडा."

"दार उघडू? या वाऱ्यात? नऊ दिवसांची ओली बाळंतीण आहे!"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, आई, दार उघड. मी म्हणालो, "फिटर, तुम्ही बाहेर चला, आपण बोलू."

तो बाहेर गेला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात डोक्यावर खडखडाट झाला. पडवीचं छप्पर आमच्याकडे हाताला लागेल इतकं खाली असतं. तो त्यावर चढला होता, तिथून मोठ्या छपरावर, आणि आतल्या खोलीच्या वर बसून दोन्ही हातांनी नळीची कौलं उपटत होता. कौलं अंगणात येऊन फुटत होती. आई किंचाळली. शेजारच्या बायका जमल्या. कोणी म्हणालं दारू प्यायला असेल, कोणी म्हणालं वेड लागलं. मी अंगणातून ओरडलो, "खाली उतरा! घर आहे हे माझं!"

वरून त्याचा आवाज आला. रागाचा नव्हता, दमलेला होता. "कंपौंडर, आत जाऊन बायकोला हाक मारा. तिनं ओ दिली तर मला शिव्या द्या."

मी आईला बाजूला सारून आत गेलो. खोलीत ऊब होती, ओव्याचा वास होता. धुराचं नाव नव्हतं. कोनाड्यात दिवा जळत होता, ज्योत सरळ, पिवळी, थरथरसुद्धा नाही. बायको कुशीवर निजली होती. गाल लाल, जणू उन्हातून चालून आलेली. इतकी छान दिसत होती, की क्षणभर मला फिटरचा संताप आला. मी हाक मारली. खांदा हलवला. मान तशीच पडली, माझ्या हाताच्या जोराने.

त्यानंतर मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. आई सांगायची, मी तिला बाजेसकट ओढत होतो आणि बाज दारात अडकली. शेवटी मी तिला उचललं, आईने पोरीला उचललं, आणि आम्ही अंगणात फुटक्या कौलांत येऊन बसलो. फिटर छपरावरून खाली उडी मारून आला, पण जवळ आला नाही. दूर तुळशीपाशी उभा राहून सांगत राहिला, "तोंडावर पदर नको. वारा लागू दे. पोरीला रडवा. चिमटा काढा, रडवा तिला."

आईने नातीला चिमटा काढला. पोर रडली. फार बारीक रडली, पण रडली. बायकोला बऱ्याच वेळाने ओकारी झाली, मग तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मला बाहेर का आणलंय?"

आई फुटक्या कौलांवर बसून हमसून हमसून रडू लागली. मी मान वर करून फिटरला शोधलं. तो गेला होता. गाडीची आग विझली होती, उतारू खोळंबले होते, मालक तिथे आलेला होता. मालक त्याला सगळ्यांसमक्ष वाटेल ते बोलला, असं मी नंतर ऐकलं. फिटरने मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि पुन्हा पहिल्यापासून कोळसा पेटवायला घेतला.

दवाखान्याचे डॉक्टर संध्याकाळी दौऱ्यावरून परत आले. त्यांनी बायकोला तपासलं, सगळं ऐकलं आणि मला एक पुस्तक काढून दाखवलं. कार्बन मोनॉक्साइड. कोळसा कोंडलेल्या जागी जळला की निघणारा वायू. रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूच्या जागी जाऊन बसतो. दिवा विझतो त्याच्या कितीतरी आधी माणूस जातो. मी ते पुस्तक पूर्वी हाताळलं होतं. ते पानही उलटलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळावर गेलो. तो राख चाळत होता. मी म्हणालो, "फिटर, तुम्हाला हे कुठून कळलं?"

तो चाळत राहिला. मग चाळण बाजूला ठेवून टाकीला पाठ लावून बसला आणि त्याने सांगितलं. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, आणि दुसऱ्या कोणाला सांगितल्याचं मला माहीत नाही.

तरुणपणी तो मुंबईच्या बंदरात एका लाँचवर आगवाला होता. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. त्याचा धाकटा भाऊ त्याच लाँचवर खलाशी. पावसाळ्यात लाँच धक्क्याला बांधून ठेवलेली असे आणि राखणीला हे दोघं आणि आणखी एक खलाशी. एका संध्याकाळी पाऊस फार लागला. भाऊ आणि तो खलाशी पुढच्या लहानशा केबिनमध्ये निजायला उतरले. कपडे सुकवायला आणि उबेला त्यांनी डब्यात निखारे घेतले. वरचं झाकण उघडं होतं, पाणी आत येत होतं. भावाने खालून हाक मारली, "दादा, झाकण लाव रे, भिजतो आमी."

"मी लावलं," फिटर म्हणाला. "नीट बसेना, तर लाथ मारून बसवलं. आणि इंजिनापाशी जाऊन झोपलो."

सकाळी त्याने झाकण उघडलं तेव्हा आत कंदील जळत होता. दोघे एकमेकांना टेकून बसल्यासारखे. गाल लाल. त्याला वाटलं, हसतायत.

"मी म्हटलं, उठा रे, पाऊस थांबला." चाळणीतले कोळशाचे दोन तुकडे निवडून त्याने बाजूला काढले. मग म्हणाला, "घरी जाऊन आयेला काय सांगायचं ते कळंना. बुडाला म्हणून सांगितलं. ती जाईस्तोवर तेच सांगितलं."

यानंतर एक नवल झालं. आमच्या आईने हे काम हाती घेतलं. फिटर बाळंतिणीच्या खोलीत जाऊ शकत नव्हता, मला बायका दाद देत नव्हत्या. आई मात्र कुठेही शिरायची. कोणाकडे बाळंतपण झालं असं कळलं की काठी घेऊन निघायची आणि त्या घरच्या म्हातारीला सांगायची, "मी माझ्या सुनेला मारलंच होतं गो बाई. तू तरी नको मारू. शेक देऊन झाला की शेगडी बाहेर ठेव. थंडीच वाजली तर आणखी एक गोधडी घाल. आणि डोकं दुखतं म्हणाली तर पुडी देऊ नको, आधी दार उघड." दार उघडायला तयार नसतील त्यांच्याकडे ती फिटरला धाडायची. तो बाहेरूनच छपरावर चढून आढ्याजवळची दोन-तीन कौलं सरकवून यायचा, घरमालकाच्या संमतीने. गाडी परत आल्यावर, अंगात त्राण नसताना.

"आज किती घरं झाली?" मी विचारायचो.

"मोजत नाय. झालेली दिसत नायत, राहिलेली दिसतात."

सगळीच ऐकत असं नाही. पुढच्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेला आमची गाडी जास्तीच्या फेऱ्या करत होती. गुरांच्या बाजारात घाटावरून आलेले दोन घोंगडीवाले होते, बाप-लेक. त्यांनी माल ठेवायला आणि निजायला कोणाची तरी कुडाची खोली घेतली होती. कूड शेणामातीने नुकता लिंपलेला, वारा शिरायला जागा नाही. फिटर संध्याकाळी तिथून जात होता. त्यांना शेगडी आत नेताना त्याने पाहिलं. थांबून सांगितलं, दार उघडं टाका. बाप म्हणाला, "दार उघडं टाकलं तर घोंगड्या राहतील का?" फिटरने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला तो थांबला नाही. गाडी सुटायची वेळ झाली होती.

सकाळी दोघेही उठले नाहीत. जत्रेत कोणी म्हणालं दारू बाधली, कोणी म्हणालं देवाचं काही राहिलं असेल. डॉक्टरांबरोबर मी गेलो होतो. दोघांचे गाल मी पाहिले आणि मला काही विचारावं लागलं नाही. फिटर बाहेर एका दगडावर बसला होता.

मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतंत."

"मी गाडीच्या टायमाकडे बघितलं," तो म्हणाला. "दार खोलून, शेगडी उचलून भाईर फेकायची होती. भांडण झालं असतं. झालं असतं तर काय झालं असतं?"

त्या दिवसापासून तो आणखी गप्प झाला. पण मला त्याचं आणखी काही खटकू लागलं. तो शब्द विसरायचा. पाना हातात घेऊन म्हणायचा, "ते द्या... ते, फिरवायचं." काथ्या धुतला की नाही हे त्याला आठवायचं नाही, म्हणून तो दोनदा धुवायचा. एकदा झाकण उघडताना तो वाऱ्याच्याच बाजूला उभा राहिला. मी पायरीवरून ओरडलो तेव्हा त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. माती उचलायचीच विसरला होता. हात कापायचे, चहा बशीतून सांडायचा. पुडीने डोकं थांबत नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तीन वर्षं तो तेच श्वासात घेतोय. थोडं थोडं. सांग त्याला सोडायला."

मी सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक हाय मला."

"मग?"

"मी सोडलं तर दुसरा कोण येईल? ज्याला ठाऊक नाय तो येईल." मग टाकीकडे न बघता, "आणि गाडी बंद पडली तर अडलेल्या बाईला कल्याणला कशात घालून नेशील तू?" मला तो नेहमी तुमी म्हणायचा. त्या दिवशी चुकून तू म्हणाला. बहुतेक समोर मी आहे हे तो विसरला असावा.

लढाई संपली. हळूहळू पेट्रोल मिळू लागलं. एका सकाळी कल्याणहून माणसं आली आणि त्यांनी गाडीची टाकी बोल्ट काढून उतरवली. टाकीबरोबर फिटरचंही काम गेलं. नवी नेमणूक मिळण्यासारखी त्याची स्थिती नव्हती, आणि मालकानेही विचारलं नाही. त्याचं गाव वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. त्याची बायको येऊन त्याला घेऊन गेली. मी त्या दिवशी दवाखान्यात कामात होतो. बाहेर आलो तेव्हा गाडी गेलेली होती. जाताना तो पायरीपाशी येऊन थोडा वेळ उभा राहिला होता, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. का उभा राहिला होता, हे फिटरला स्वतःलाही सांगता आलं नाही म्हणे.

जाईन जाईन म्हणता दोन वर्षं गेली. मग एका फाल्गुनात आम्ही तिघं त्याच्या गावी गेलो, मी, बायको आणि मुलगी. मुलगी पाच वर्षांची झाली होती. घर सहज सापडलं. तो अंगणात घोंगडीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. अंगाने निम्मा झाला होता. त्याच्या बायकोने आम्हाला ओळखलं, ती लगबगीने पाणी घेऊन आली. त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहून हात जोडले, आणि पुन्हा शेंगा सोलू लागला.

"मुरबाडचे कंपौंडर आलेत," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "आणि ही ती पोर. तुमी कौलं काढलीत ना, ती."

"बरं बरं," तो म्हणाला. भिडेखातर म्हणतात तसं.

माझी बायको पुढे झाली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवू लागली. त्याने घाईघाईने पाय मागे ओढले. "नको गो माय, शेंगा सांडतील."

मुलगी कोणी सांगितलं नसताना त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि शेंगा सोलू लागली. त्याने तिला सुपलीतल्या शेंगा जवळ सरकवून दिल्या. एक शेंग तिला उघडत नव्हती, तर कुठे दाबायची ते बोटाने दाखवलं. दोघं बराच वेळ सोलत होती. आम्ही बसून बघत होतो. त्याची बायको मला हलक्या आवाजात सांगत होती, की आता त्याला गाडीतलं काही आठवत नाही, मुंबईतलं आठवत नाही, भाऊ होता हेसुद्धा आठवत नाही. "एका परीनं सुटला," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

निघताना मी म्हणालो, "येतो, फिटर."

तो म्हणाला, "या. जपून जा." आणि मुलीच्या फ्रॉकमध्ये ओंजळभर सोललेले वाल घातले.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. निरोप आम्हाला आठ-दहा दिवसांनी मिळाला, तिकडून आलेल्या टपालवाल्याकडून. नदीला पूर होता, रस्ता बंद होता, जाऊनही काही उपयोग नव्हता. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती उठली, मागच्या दारी गेली आणि रांजणातलं थंड पाणी तशीच अंगावर घेऊ लागली.

मी म्हणालो, "आई, अगं थंडगार पाणी! आणि आपल्याला त्यांचं सुतक नाही. ना नातं, ना गोत."

केसांतून पाणी ओघळत असताना तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुला नसेल," ती म्हणाली, आणि तिने दुसरा तांब्या ओतून घेतला.